किटी ही केवळ एकाकीपणाची खूण नव्हे

एकाकी मूल आणि त्याचा काल्पनिक सवंगडी हा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची मंडळी बोलू लागतात. पहिली कौतुक करणारी. त्यांना त्यात बालपणाची निरागसता दिसते. दुसरी काळजी करणारी. त्यांना त्यात कसली तरी उणीव दिसते. त्या मुलाने काही निर्माण केले आहे, ही शक्यता मात्र दोघांच्याही मनाला शिवत नाही. ॲन फ्रँकच्या रोजनिशीचे जे वाचन आपल्या वर्गांतून आणि व्यासपीठांवरून चालते, ते याच दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. या वाचनाला आमचा विरोध आहे, आणि तो कारणांसह नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रचलित कथा सर्वांना ठाऊक आहे. १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवसाला एका मुलीला चौकटीच्या वेष्टनाची वही मिळते. ६ जुलैला तिचे ज्यू कुटुंब ॲमस्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्ट २६३ या इमारतीच्या मागच्या भागात लपते. बाहेरचे जग तुटते, मैत्रिणी दुरावतात. म्हणून ती बिचारी वहीलाच मैत्रीण मानते आणि तिचे नाव किटी ठेवते. एवढे सांगून झाले की वर्गात क्षणभर शांतता पसरते, शिक्षकाचा आवाज जड होतो आणि पाठ संपतो. वास्तविक पाठ तेथून सुरू व्हायला हवा.

ज्या उताऱ्यावर ही कथा उभी आहे, तो छापील पुस्तकात २० जून १९४२ या तारखेखाली येतो. आपल्याला आईवडील आहेत, थोरली बहीण आहे, तीसेक ओळखीची माणसे आहेत, तरी मन मोकळे करावे अशी मैत्रीण नाही. म्हणून ही वहीच मैत्रीण आणि तिचे नाव किटी, असा त्याचा आशय. तेरा वर्षांच्या मुलीचा उत्स्फूर्त उद्गार म्हणून आपण तो वाचतो. पण हा मजकूर पहिल्या वहीतला नाही. ॲनने २० मे १९४४ च्या सुमारास सुट्या कागदांवर रोजनिशीचे जे पुनर्लेखन हाती घेतले, त्याचा हा आरंभ आहे. म्हणजे तो पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलीने लिहिला आणि त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख घातली. ज्याला आपण हुंदका समजतो ती एका लेखिकेने जाणीवपूर्वक रचलेली प्रस्तावना आहे.

मूळ वहीत किटी अवतरते ती सप्टेंबर १९४२ मध्ये, आणि तीही एकटी नव्हे. पॉप, एमी, मारियाने, कॉनी अशा कितीतरी जणींना ॲन त्या काळात पत्रे लिहिते. या मुली आल्या कोठून? सिसी फान मार्क्सफेल्ट या डच लेखिकेच्या यॉप टेर हॉल या नायिकेवरील लोकप्रिय मालिकेतून, जिचा पहिला भाग १९१९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे किटीचा जन्म पुस्तकातून झाला. ॲन ही प्रथम वाचक होती. आवडत्या कादंबरीतील मैत्रिणींच्या घोळक्यात तिने स्वतःला सामील करून घेतले. पुढे लेखिका म्हणून कागद हाती घेतल्यावर तिने बाकीच्या सगळ्यांना निरोप दिला आणि एकच श्रोती ठेवली.

हा निर्णय साधा नाही. संबोधन अनेकींना असते तेव्हा प्रत्येकीशी वेगळे नाते सांभाळावे लागते. एकच किटी, आणि तीही या घराबद्दल काहीच न जाणणारी, अशी योजना केली की लेखिकेवर सर्व काही सांगण्याची जबाबदारी येते : आठ माणसे कोण, दारावरचे पुस्तकांचे कपाट कसे फिरते, भांडणे कशावरून होतात. किटीला काही ठाऊक नाही, म्हणूनच आज मराठीत ही रोजनिशी वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यालाही सारे कळते. निवेदनशास्त्रात ज्याला आपण संबोधित श्रोता म्हणतो आणि ज्यावर परीक्षेत टीपा लिहायला लावतो, तो या मुलीने कोणत्याही शिकवणीशिवाय घडवला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. प्रत्यक्षात लपल्यानंतर सुरू झालेली किटी तिने पुनर्लेखनात लपण्यापूर्वीच्या दिवसांत नेऊन बसवली. कोंडले गेल्यामुळे एकाकी झालेली मुलगी, ही आपली सोयीची कथा आहे. तिच्या रचनेतली मुलगी दार बंद होण्याआधीच, माणसांच्या गर्दीत एकाकी आहे. तो एकाकीपणा केवळ छळाचा परिणाम नाही. वाढत्या वयाच्या आणि विचार करणाऱ्या मनाचा तो स्वभाव आहे. आपण तिच्यावर नुसती दया करून तिचे हे म्हणणेच पुसून टाकतो.

२८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच निर्वासित सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी नभोवाणीवरून लोकांना युद्धकाळातील रोजनिशा आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले, आणि या मुलीच्या मनात पुस्तकाचा विचार पक्का झाला. शीर्षकही तिनेच ठरवले : ‘हेट आख्तरहाउस’, म्हणजे मागचे घर. तिने माणसांना टोपणनावे योजली, मजकूर गाळला, जोडला, घासून घेतला. सुमारे अडीच महिन्यांत दोनशेहून अधिक सुटे कागद लिहून झाले, आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले. १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत तिचा अंत झाला. त्या दिवशी थांबलेले काम एका लेखिकेचे होते, हे आपण विद्यार्थ्यांना कधी सांगणार?

इतक्या भीषण मृत्यूपुढे रचनेची चर्चा करणे हा कोरडेपणा नव्हे काय, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे, की ही चर्चा टाळण्यानेच अधिक हानी होते. रोजनिशी बनावट आहे असा अपप्रचार ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनी अनेक वर्षे केला, आणि मजकुराची एकाहून अधिक रूपे असणे हे त्यांनी संशयाचे हत्यार म्हणून वापरले. ऑटो फ्रँक यांच्या मृत्यूनंतर हस्तलिखिते डच राज्याकडे आली; तेथील युद्धदस्तऐवज संस्थेने कागद, शाई आणि हस्ताक्षर यांची शास्त्रीय तपासणी करवून १९८६ साली चिकित्सक आवृत्ती काढली आणि सर्व पाठ शेजारी शेजारी छापले. उत्स्फूर्ततेवर भोळी श्रद्धा असलेल्या विद्यार्थ्याला हे पाठभेद कळले की तो फसवला गेल्यासारखा गोंधळतो. पुनर्लेखन हे लेखकाचे नित्यकर्म आहे हे ज्याला शिकवले आहे, त्याला अपप्रचार डळमळीत करू शकत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीची चर्चा करणाऱ्या मराठीच्या अध्यापकांना हे समजावून सांगावे लागावे, याचा खेद वाटतो.

काळजी करणाऱ्या मंडळींसाठीही एक शब्द. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर यांनी काल्पनिक सवंगड्यांवरील संशोधनाचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध केले. हे सवंगडी सामान्य मुलांमध्ये सर्रास आढळतात, आणि ते खोटे आहेत हे मुलांना बहुधा पक्के ठाऊक असते, असे त्यांचे निष्कर्ष सांगतात. म्हणजे मूल भ्रमात नसते. ते जाणूनबुजून कल्पित रचत असते. मानसशास्त्राने जे मान्य केले ते साहित्याच्या वर्गाने नाकारावे, ही विपरीत गत आहे.

आपल्या परंपरेला तर हे परके नाही. दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढलेल्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, वेणीफणी करतो. भक्ताच्या श्रद्धेत आणि ॲनच्या कल्पितात अंतर आहे, त्यांची गल्लत आम्ही करत नाही. पण एकट्या स्त्रीच्या त्या संबोधनाला आपण कविता म्हणतो, त्याच्या लयीचा आणि प्रतिमांचा विचार करतो. तोच मान किटीला उद्देशून लिहिलेल्या गद्याला का मिळत नाही? लिहिणारी शाळकरी मुलगी आहे म्हणून? प्रौढ कादंबरीकाराने श्रोता कल्पिला की ते तंत्र, आणि मुलीने कल्पिला की ती मनाची पोकळी, हा दुजाभाव समीक्षेला शोभत नाही.

आमची मागणी लहान आहे. पुढच्या वेळी हा उतारा शिकवताना त्याच्या दोन तारखा फळ्यावर लिहाव्यात : जी तिने घातली ती आणि ज्या काळात तिने तो लिहिला ती. मग वर्गाला विचारावे, तिने असे का केले असेल? आपल्या बाकांवरही वहीच्या मागच्या पानांत कोणाशी तरी बोलणाऱ्या मुली बसलेल्या असतात. आपण करतो ते लेखन आहे, हे त्यांना निदान या एका तासाला ऐकायला मिळावे.