मान हलते, तेवढे पुरे

अपंगांना साहाय्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीनचाकी सायकल आणि कुबड्या येतात. त्यांची गरज आहेच. पण ज्याचे हातच जागचे हलत नाहीत, बुद्धी मात्र तल्लख आहे, अशा तरुणाचे काय?

अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजमध्ये जेम्स गिप्स आणि मार्ग्रिट बेट्के यांनी ‘कॅमेरा माउस’ ही आज्ञावली घडविली. २००७ पासून ती विनामूल्य देण्यात आली. संगणकाचा साधा कॅमेरा नाकाच्या शेंड्याचा मागोवा घेतो. मान वळेल तसा पडद्यावरचा बाण सरकतो. तो क्षणभर स्थिरावला की कळ दाबल्यासारखे होते. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विकलांग भित्तिचित्रकारासाठी कलावंत-तंत्रज्ञांनी स्वस्त चष्म्याला कॅमेरा जोडून ‘आयरायटर’ केला आणि तो केवळ नजरेने पुन्हा रेखाटू लागला. २०२४ पासून आयफोनमध्येही नजरेने चालविण्याची सोय आली. (अर्थात तो फोन स्वस्त नव्हे!)

तेव्हा पैसा नाही, ही सबब इथे फारशी टिकत नाही. खरी अडचण मराठीची आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एकेक खूण निवडून लिहावयाचा तर जोडाक्षरांपायी ११ खुणा लागतात. बोटांना ते जाणवत नाही. प्रत्येक खुणेवर मान स्थिर धरणाऱ्याला जाणवते. मोठ्या कळांचा, दोन अक्षरांवरून शब्द सुचविणारा मराठी कळफलक शाळाशाळांतील संगणकांवर हवा. परीक्षेला लेखनिक मिळतो, हे खरे. वर्षभराच्या वह्या मात्र आईलाच लिहाव्या लागतात.