विद्यार्थ्यांना काय विचारायचं?

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फीडबॅक फॉर्मची लिंक येते. आजच भरा, म्हणून तगादाही. माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिनं माझ्याशेजारी बसून सगळ्या विषयांचे फॉर्म भरले, तेव्हा तिचा अंगठा ‘उत्तम’च्या रकान्यातून सरळ खाली उतरत गेला. थांबली ती एकदाच. ‘इतर सूचना’ या चौकटीत तिनं लिहिलं: ‘मॅडम प्रॅक्टिकलला प्रयोग करून दाखवतात तेव्हा मागच्यांना काही दिसत नाही. बॅचचे दोन गट करावेत.’

अख्ख्या फॉर्ममधलं कामाचं वाक्य एवढंच. पण त्याची सरासरी काढता येत नाही, त्यामुळे ते अहवालात जाणार नाही. आणि मॅडमपर्यंत पोचलंच, तरी तोवर प्रॅक्टिकलची परीक्षा होऊन गेलेली असेल.

मुलांनी शिक्षकांबद्दल बोलायलाच हवं, असं मी मानते. ‘नॅक’नं 2017 मध्ये कॉलेजांच्या मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षण त्यात आणलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पोर्शन किती झाला, शिक्षक तयारी करून येतात का, हे वर्गात बसणाऱ्याला विचारलं गेलं. त्या सर्वेक्षणात कुणा एका शिक्षकाचं नाव नसतं, ते संस्थेबद्दल असतं. अडचण कॉलेजांच्या स्वतःच्या फॉर्मची आहे. तिथं प्रत्येक नावापुढे एक आकडा येतो आणि तोच त्या शिक्षकाच्या शिकवण्याचं माप ठरतो.

हे माप किती फसवं असतं, ते अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत दिसलं. तिथं कोणता विद्यार्थी कुणाच्या वर्गात जाणार हे विद्यार्थी ठरवत नाही, वाटणी यदृच्छेनं होते. अभ्यासक्रम एक, पेपरही एकच. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या नोंदी तपासून 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. कॅलक्युलसच्या पहिल्या पेपरात कमी अनुभवी प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळाले होते, आणि त्या प्राध्यापकांना मुलांनी शेरेही चांगले दिले होते. अनुभवी प्राध्यापकांच्या हातून गेलेली मुलं मात्र पुढच्या, त्याच गणितावर उभ्या असलेल्या विषयांत सरस ठरली. पाया कुणी पक्का केला, हे फॉर्म भरताना मुलांना कळलेलं नव्हतं. त्यात त्यांचा काय दोष? त्या वयात, त्या क्षणी ते कळणं शक्यच नसतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका ऑनलाइन वर्गात तर शिकवणाऱ्यांची नावं अदलाबदल करून पाहिली गेली. पुरुषाचं नाव दिसलं की शिकवणाऱ्याला मिळणारे गुण वाढत होते.

टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठात (आताचं टोरंटो मेट्रोपॉलिटन) प्राध्यापक संघटनेनं अशा फॉर्ममधल्या आकड्यांचा वाद लवादापर्यंत नेला. 2018 मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निर्णय दिला, की बढती किंवा कायम नेमणूक देताना शिकवण्याची परिणामकारकता या सरासऱ्यांवरून मोजायची नाही. मुलांचं म्हणणं मात्र त्यांनी मोडीत काढलं नाही. वर्गातला आपला अनुभव विद्यार्थीच सांगू शकतो.

ओरेगन विद्यापीठानं 2019 मध्ये आकड्यांचा फॉर्मच बंद केला. आता मुलं सांगतात की कशानं शिकायला मदत झाली आणि काय सुधारायला हवं: सूचनांची स्पष्टता, विषयाची मांडणी, तपासलेल्या कामावरचे शेरे. मला सर्वांत भावली ती सत्राच्या मध्यावरची फेरी. तिची उत्तरं फक्त शिकवणाऱ्यालाच दिसतात. म्हणजे त्याच मुलांसाठी, त्याच सत्रात काही बदलता येतं.

आपल्याकडे हे निकडीचं आहे ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांमुळे. नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले लोक तासांवर पैसे घेऊन वर्षानुवर्षं शिकवताहेत. जूनमध्ये पुन्हा बोलावणं येईल की नाही, याची खात्री नसते. कायम असलेल्या प्राध्यापकाचा आकडा घसरला तर प्राचार्य फार तर बोलावून घेतील. यांचा घसरला तर घरातलं उत्पन्न जाईल. मग असा माणूस कडक पेपर काढेल का? अर्धवट जर्नल परत करेल? कॉपी करणाऱ्याचा पेपर काढून घेईल? ज्यांच्याकडून आपण धाडसानं शिकवण्याची अपेक्षा करतो, त्यांनाच हा फॉर्म मुलांची मर्जी सांभाळायला लावतो. याचा मला राग येतो. नुकसान शेवटी मुलांचंच होतं.

हे बदलायला परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. विभागप्रमुखांनी ठरवलं तर पुढच्या सेमिस्टरच्या सहाव्या आठवड्यात प्रत्येक वर्गात कागद वाटता येतील. नाव न लिहिता मुलांनी दोनच गोष्टी लिहायच्या: काय समजतंय, कुठं अडतंय. कागद शिक्षकानंच वाचायचे आणि पुढच्या तासाला वर्गाला सांगायचं, काय बदलतोय, काय बदलणार नाही आणि का. वर्षअखेरीला तासिकावाल्यांच्या मुलाखती होतील, तेव्हा समितीनं एखादा ज्येष्ठ सहकारी त्यांच्या दोन-तीन तासांना बसवावा, त्यांनी काढलेले पेपर आणि तपासलेली जर्नल्स मागवून पाहावीत. सरासरीचा तक्ता त्या टेबलावर ठेवू नये.