वकीलपत्रावर सही कुणाची?

तालुका कोर्टात वकिली करताना मला लाभलेला सर्वांत निवांत पक्षकार म्हणजे देव. फीवरून घासाघीस नाही, रात्री-अपरात्री ‘साहेब, तारीख कधी?’ असा फोन नाही. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचं नाव असतं, वहिवाटदार म्हणून गुरवाचं. कायद्याच्या लेखी देव ही व्यक्ती आहे. ती जमीन बाळगते, दावा लावते. तिच्यावर आयकरही बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून टाकलंय. फक्त तिला बोलता येत नाही. म्हणून अज्ञान मुलाप्रमाणे तिला पालनकर्ता लागतो, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

कोलकात्याच्या मलिक घराण्याचा खटला १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पूजेची पाळी आली की कुलदेवतेची मूर्ती आपल्या घरी न्यायची, असा एका भाऊबंदाचा हट्ट. लंडनच्या न्यायमूर्तींनी म्हटलं, देवाची स्वतःची इच्छाही विचारात घ्या, ती मांडायला या भांडणात हितसंबंध नसलेला वादमित्र नेमा, आणि घरातल्या बायकांचंही म्हणणं ऐका. शंभर वर्षांपूर्वीचा हा निकाल मला आजही अनेक निकालांपेक्षा शहाणा वाटतो. देवाला व्यक्ती ठरवून न्यायमूर्ती थांबले नाहीत. त्याच्या वतीने कोण बोलणार, तेही त्यांनी पाहिलं.

आमच्याकडे देवाची जमीन जाते ती बहुधा पालनकर्त्याच्याच हातून. आधी वाट्याने, मग साठेखत, मग हळूच फेरफार. पुजारी हा मालक नव्हे, मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. व्यवस्थापकच उलटला तर साधा भक्तही देवाच्या वतीने दावा लावू शकतो, हेही १९६७ पासून ठरलेलं आहे. पण गावात कोण लावतो? वकिलाची फी कुणी द्यायची आणि भावकीचं वैर कुणी घ्यायचं? पारावर तावातावाने बोलणारे वकीलपत्रावर सही करायची वेळ आली की गायब.

कंपनीचं तसं नसतं. तीही कागदावरचीच व्यक्ती, पण तिच्यासाठी बोलणाऱ्यांचं पोट तिच्यावर चालतं. तिची बाजू मांडायला माणूस नाही, असं मी कधी पाहिलं नाही.

म्हणून ‘नदीला व्यक्तीचा दर्जा द्या’ ही मागणी ऐकली की मी टाळ्या वाजवत नाही. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तो दिला. पालक नेमले ते ‘नमामि गंगे’ प्रकल्पाचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. म्हणजे ज्या सरकारच्या ढिलाईविरुद्ध तक्रार, त्याच्याच माणसांकडे नदीचं पालकत्व! ते सरकारच मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदी इतर राज्यांतूनही वाहते, तिथे आम्ही काय करणार? पुरात नुकसान झालं तर दावा कुणावर? जुलैमध्ये स्थगिती मिळाली. अज्ञानाच्या पालकानेच जबाबदारी झटकावी, असं हे प्रकरण.

कागदाचा खेळ उलटाही होतो. उत्तर प्रदेशात आझमगढच्या लालबिहारीला महसूल दफ्तराने जिवंतपणी मृत ठरवलं होतं. नावापुढे ‘मृतक’ लावून तो निवडणुकीला उभा राहिला, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि १९९४ मध्ये कागदावर पुन्हा जिवंत झाला. त्याला निदान पाय होते, तोंड होतं.

आळंदीत इंद्रायणी फेसाळते तेव्हा तिला काय आहे? उद्या तिला व्यक्ती ठरवायचंच असेल तर माझ्या अटी एका वकिलाच्या आहेत. पालक सांडपाणी सोडणाऱ्या पालिकेचा नको आणि परवाने देणाऱ्या खात्याचाही नको. दावा चालवायला त्याच्या हाती स्वतंत्र निधी हवा. दरवर्षी त्याने जिल्हा न्यायाधीशांपुढे हिशेब ठेवावा, आणि त्याने कुचराई केली तर नदीकाठच्या कुणालाही कोर्ट फी न भरता त्याला हटवण्याचा अर्ज करता यावा. यातलं काहीच द्यायचं नसेल तर दर्जाही देऊ नका. वकीलपत्र कोरंच असलेला आणखी एक पक्षकार आमच्या कोर्टाला नको आहे.