बाटलीवरच्या लेबलावर किती विसंबायचं?

मेसमध्ये बायोटेकवाल्यांचं एक रडगाणं हमखास ऐकू येतं. नवी बाटली उघडली आणि ब्लॉट बिघडला! खापर मात्र फुटतं जेल चालवणाऱ्यावर. मला हे पटत नाही.

ईआरके हे पेशीला बाहेरून मिळालेला वाढीचा निरोप केंद्रकापर्यंत पोचवणारं प्रथिन. ते शोधायला सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरतात. प्रथिनाचा तुकडा सशाला टोचायचा आणि रक्तात तयार झालेल्या नाना प्रकारच्या अँटिबॉडी एकत्रच काढायच्या. ससा बदलला की मिश्रण बदलतं, मग पट्टाही बदलू शकतो.

ईआरकेचे पट्टे ४४ आणि ४२ किलोडाल्टनला येतात. पण जागा बरोबर म्हणजे प्रथिनही तेच, असं नाही. ज्या पेशीत ते प्रथिनच नाही, तिचा नमुना शेजारी चालवा. तिथेही पट्टा दिसला तर अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय!

२०१५ साली शंभरावर शास्त्रज्ञांनी 'नेचर'मधून अँटिबॉडींच्या प्रमाणीकरणाची मागणी केली. आपण निदान जुनी बाटली संपण्याआधी नवी तिच्याशी ताडून बघू. कंट्रोलला एक लेन जाते खरी, पण प्रोजेक्टचं वर्ष वाचतं.