व्हाइस बसवा कोपराच्या मापाने

जबलपूरचे अधारताल हे नाव राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांनी बांधलेल्या तलावावरून पडले. तिथे 1964 साली स्थापन झालेले कृषी विश्वविद्यालय आहे, तशीच लहानमोठ्या कारखान्यांची औद्योगिक वसाहतही आहे. शिवाय 1904 सालची गन कॅरिज फॅक्टरी आणि 1969 साली सुरू झालेली व्हेईकल फॅक्टरी याच शहरात असल्यामुळे कानस आणि हातोडीवर घर चालवणाऱ्या पिढ्या इथे घडल्या.

अशा घरातले हे नेहमीचे चित्र. वडील फिटर म्हणून निवृत्त होतात. हाताला चाळा हवा आणि चार पैसेही सुटावेत म्हणून अंगणातल्या शेडमध्ये टेबल मांडतात, त्यावर व्हाइस बसवतात. मुलगा आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून येतो आणि त्याच टेबलावर कामाला लागतो. आठवडाभरातच आईच्या लक्षात येते, की पोरगा कंबर धरून उठतो आहे. "एवढ्या वयात कसली रे कंबरदुखी?" ती विचारते. दोष ना कामाचा असतो, ना वयाचा. मुलगा वडिलांपेक्षा चांगला वीतभर उंच आणि व्हाइस मात्र वडिलांच्या मापाचा!

व्हाइस, म्हणजे जुन्या कारागिरांचा शेगडा, नेमका किती उंचीवर असावा? सरळ उभे राहावे, दंड अंगाला लावून हात कोपरात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंत जेवढे अंतर भरेल, तेवढ्या उंचीवर व्हाइसच्या जबड्यांची वरची कड यावी. समजा, हे अंतर 105 सेंटिमीटर आहे आणि व्हाइसची स्वतःची उंची 17 सेंटिमीटर, तर टेबल 88 सेंटिमीटरचे हवे. व्हाइस याहून खाली असला तर कंबर वाकते, वर असला तर खांदे भरून येतात आणि कानस सपाट चालत नाही. छिन्नी-हातोड्याचे जड काम जास्त असेल, तर उंची थोडी कमी ठेवली तरी चालते. बारीक काम करणाऱ्याने ती किंचित वाढवावी.

उंची ठरली की जागा. व्हाइस टेबलाच्या मधोमध बसवू नये. तिथे फळी दणके खाऊन थरथरते. पायाच्या अगदी वर किंवा लगत बसवला, तर हातोड्याचा मार थेट जमिनीत उतरतो. मागच्या, न हलणाऱ्या जबड्याचा दर्शनी भाग टेबलाच्या कडेपेक्षा किंचित पुढे यावा. म्हणजे लांब पट्टी उभी पकडली तरी ती फळीला न अडता सरळ खाली जाते. कांब आडवी धरताना बाजूची भिंत आड येणार नाही, हेही आधीच पाहून घ्यावे.

फळी साग किंवा सालासारख्या टणक लाकडाची, निदान दोन इंच जाडीची असावी. व्हाइस जागेवर ठेवून त्याच्या भोकांतून पेन्सिलीने खुणा कराव्यात. खाली टेबलाचा पाय किंवा आडवी पट्टी तर येत नाही ना, हे पाहूनच ड्रिल लावावे. भोक ओळंब्यात सरळ हवे. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा धरला, तर फळीच्या चिरफळ्या निघत नाहीत.

इथेच पुष्कळ जण काटकसर करतात आणि लाकडी स्क्रूंवर भागवतात. चार महिन्यांत स्क्रूंची पकड सुटते आणि एखाद्या दिवशी भर जोरात असताना व्हाइस उचकटतो. हात कुठे जाईल ते मग सांगता येत नाही. म्हणून फळीतून आरपार जाणारे बोल्टच वापरावेत. चार इंची व्हाइसला साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाडीचे बोल्ट लागतात. खालून मोठा वॉशर किंवा लोखंडी पट्टी, मग स्प्रिंग वॉशर आणि नट. नट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. बहुतेक व्हाइस बिडाचे असतात आणि बीड वाकत नाही, तडकते. बैठक फळीवर डुगडुगत असेल, तर आवळण्याआधीच खाली पत्र्याची चकती सारावी. लाकूड दबते, म्हणून आठ दिवसांनी नट पुन्हा तपासावेत. टेबलही भिंतीला किंवा जमिनीला पक्के करावे. नाहीतर कानशीच्या प्रत्येक फटक्यासरशी तेच पुढे सरकेल.

पुढे व्हाइस जपणे सोपे आहे. जास्त घट्ट करण्यासाठी दांड्यात पाइप घालू नये, दांड्यावर हातोडाही मारू नये. गुळगुळीत केलेली वस्तू पकडताना जबड्यांवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या चढवाव्यात. आट्यांतला कीस ब्रशने झाडून तेलाचा हात द्यावा आणि काम संपल्यावर जबडे जवळ आणून दांडा खाली लोंबता ठेवावा.

आता त्या बाप-लेकांचे काय? दोघांसाठी दोन व्हाइस घेणे प्रत्येक घराला परवडत नाही. त्याची गरजही नाही. उंच माणसाच्या कोपराचे माप घ्यावे, व्हाइसखाली त्या जाडीचा लाकडी ठोकळा घालून लांब बोल्टांनी सगळे एकत्र आवळावे. ठेंगण्या माणसासाठी पायाखाली रुंद, न डुगडुगणारी फळी ठेवावी. उंच माणसाला बुटके होता येत नाही, पण बुटक्याला फळीवर चढता येते.

वडिलांना सुरुवातीला हे रुचत नाही. जन्मभर आपण जमिनीवर उभे राहून काम केले आणि आता मुलासाठी पाटावर चढायचे? पण त्यांच्या कामाची वर्षे बरीचशी मागे सरली आहेत आणि मुलाची सगळी पुढे आहेत. एका संध्याकाळी ते मापपट्टी मागवतात आणि पोराला म्हणतात, "उभा राहा बघू सरळ. हात वाकव." त्या रात्री आई शेक द्यायला पाणी तापवते. उद्यापासून ते तापवावे लागणार नाही.