बाईंच्या शेजारी कोण?

आमच्या चाकणच्या पट्ट्यात नव्या पोराला प्रेस मशीनवर एकट्याला कुणी उभं करत नाही. आधी जुन्या माणसाच्या हाताखाली शिकवतात, कारण बोटं जायची भीती. शाळेत मात्र उलटा कारभार!

माझ्या नातवाला स्वमग्नता आहे. त्याच्या बाईंना पाच दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि चाळीस पोरांत एकटं सोडलं. बाई म्हणाल्या, "बाबा, तक्ते करायला शिकवलं. पण घंटा वाजली की हा कान झाकून बाकाखाली शिरतो, तेव्हा बाकीच्यांना कुठं ठेवू?" याचं उत्तर फाइलीत नव्हतं. शेवटी त्यांनीच घंटेआधी त्याला घंटेचं चित्र दाखवायला सुरुवात केली. महिन्याभरानं गडी बाकावर बसून राहू लागला. हे खरं ट्रेनिंग, आणि ते वर्गातच झालं.

दिव्यांगांच्या हक्काचा कायदा २०१६ चा. २०२२ साली केंद्र सरकारनं ठरवलं, पहिली ते पाचवीत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा. आमच्या शाळेत तो महिन्यातून एकदा येतो, सही करतो, जातो.

साहेब, सर्टिफिकेटं किती वाटली ते राहू द्या. उद्या सकाळी बाईंच्या शेजारी कोण उभं राहणार, तेवढं सांगा.