चारित्र्याची चर्चा आणि हिशेबाचे मौन

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा दोन गोटांत एकाच वेळी कोलाहल माजला. एका गोटाला स्त्रीमुक्तीची पहाट उगवल्याचा साक्षात्कार झाला. दुसऱ्याला भारतीय कुटुंबव्यवस्थेचा आधारस्तंभ कोसळल्याचा. पेढे वाटणाऱ्यांपैकी आणि सुतक पाळणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कलम वाचले होते, हा प्रश्नच आहे.

विवाहित पुरुषाने अविवाहितेशी वा विधवेशी संबंध ठेवले, तर हे कलम मूग गिळून बसत असे. दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध असले आणि त्या पतीचीच संमती असली, तरीही गुन्हा घडत नसे. फिर्यादीचा अधिकार त्या परस्त्रीच्या पतीला होता. व्यभिचारी पुरुषाच्या स्वतःच्या पत्नीला, जिचा संसार मोडला तिला, नव्हता. १८६० साली परकीय राज्यकर्त्यांनी लिहिलेल्या या कलमात स्त्री ही पतीच्या मालकीची वस्तू होती आणि तिच्यावरील अतिक्रमणाबद्दल पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होती. न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९८५ मध्ये ते वैध ठरविले. त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड २०१८ च्या घटनापीठावर होते आणि त्यांनी ते अवैध ठरविले. अशा कलमाच्या तेराव्याला कुटुंबव्यवस्थेच्या कैवाऱ्यांनी अश्रू ढाळावेत, यासारखा विनोद नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तेव्हाही होते, आजही आहे.

परंतु या गदारोळात मूळ दुखणे बाजूलाच राहिले.

लग्नाला बावीस-पंचवीस वर्षे झाली आहेत. मुलगा अभियांत्रिकीला, मुलगी बारावीला. सासऱ्यांच्या औषधांचा खर्च चालू, सदनिकेचे हप्ते अजून नऊ वर्षे बाकी. पतीचे मन अन्यत्र गुंतले आहे हे घरातल्या स्त्रीला कळते ते कोणी चहाडी केल्यामुळे नव्हे. महाविद्यालयाचे शुल्क भरायला गेल्यावर मुदतठेव मोडलेली आढळते. भविष्य निर्वाह निधीतून ‘आजारपणासाठी’ उचल झालेली असते आणि घरात त्या वर्षी कोणी आजारी नसते. लॉकरमधल्या पाटल्या सोनेतारणात गेलेल्या असतात. विम्याच्या कागदावर वारस म्हणून असलेले नाव बदललेले असते आणि ते बदलताना कायद्याने तिला विचारावे लागलेलेच नसते. दुसरा संसार हवेवर चालत नाही. तो पहिल्या संसाराच्या पैशावर चालतो. शेजारीपाजारी मात्र महिनोन्‌महिने चघळतात ती फक्त शयनगृहाची कहाणी.

काही घरांत क्रम उलटा असतो, हेही मान्य केले पाहिजे. आधी धंदा बसतो, नोकरी जाते, सावकाराचे देणे होते. कर्ता पुरुष ही नामुष्की घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि जिला त्याच्या कर्जाची वार्ता नाही अशा कोणाच्या तरी सहवासात दोन घटका पूर्वीचा माणूस होऊन बसतो. त्याच्या एकाकीपणाबद्दल कणव वाटू शकते; पण त्या एकाकीपणाचे बिलही पत्नीच्याच नावे फाटते. गृहकर्जावर वाढीव रक्कम उचलताना ‘येथे सही कर’ म्हणून तिच्यापुढे कागद सरकविलेला असतो. तिने विश्वासाने सही केलेली असते. त्या सहीने ती सहकर्जदार झालेली असते आणि हप्ते थकले की बँक संपूर्ण रकमेसाठी तिच्याही दाराशी येते. पत्नीकडून असाच विश्वासघात होणारे पतीही आहेत. तथापि सदनिका, खाते, विमा आणि सातबारा बहुतेक घरांत कोणाच्या नावे असतो, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा वेळी वडीलधारी मंडळी काय सांगतात? ‘सांभाळून घे, मुलांकडे बघ, पन्नाशीत कुठे जाणार?’ यातली सदिच्छा खोटी नसते. पण गेल्या पाच वर्षांत पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे एका वहीवर लिहून दाखव, असे जावयाला बजावणारा सासरा आणि मुलाला बजावणारी आई विरळा. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीही हा प्रश्न विचारणे असभ्य मानले आहे.

वास्तविक आपली परंपरा या बाबतीत इतकी मुखदुर्बळ नव्हती. याज्ञवल्क्य स्मृतीने पतीला स्त्रीधन वापरण्याची मुभा दिली ती चारच प्रसंगी: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. स्त्रीधन पतीने व्यर्थ उधळले वा उपभोगात घालविले, तर ते व्याजासह परत करावे, असे देवलाचे वचन सांगते. दुसरा संसार या चार प्रसंगांत कोठेही बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालमत्ता असल्याचे सांगितले आणि एप्रिल २०२४ मध्ये केरळमधील एका दाव्यात, पतीने अडचणीत ते वापरले तरी परत करण्याचे दायित्व त्याचेच राहते, असे पुन्हा स्पष्ट केले. ज्यांना स्मृतिग्रंथांत केवळ स्त्रीदास्य दिसते आणि ज्यांना स्मृतिग्रंथ केवळ भाषणाच्या प्रारंभी आठवतात, त्या दोघांनीही हे वाचावे.

मात्र स्त्रीधनाच्या पलीकडे प्रचलित कायदा तिच्या हाती फार काही देत नाही. तिच्या पंचवीस वर्षांच्या राबण्यातून उभ्या राहिलेल्या, पण पतीच्या नावे असलेल्या घरात तिला मालकीचा वाटा नाही. असतो तो राहण्याचा हक्क आणि पोटगीचा अर्ज. शिवाय ती स्वतः व्यभिचारात राहत असल्याचे सिद्ध झाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील तिची पोटगी जाते. पतीच्या व्यभिचाराला अशी निश्चित आर्थिक किंमत नाही. त्याने दुसरी स्त्री ठेवली, तर पत्नीला वेगळे राहण्यास ते पुरेसे कारण, एवढेच.

हे असेच असावे लागते असेही नाही. गोव्यात, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र होते, दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही त्यासाठी कलम ५अ घालावे लागले. समान नागरी कायद्यावर हिरिरीने बोलताना गोव्याचे नाव सर्वच घेतात. त्यातील हे अर्ध्या वाट्याचे कलम आले की आवाज का खाली येतो? पोर्तुगिजांची प्रत्येक गोष्ट डोक्यावर घ्यावी असे कोणी म्हणत नाही, पण घर विकताना घरधनिणीची सही लागावी, यात परकीय काय आहे?

घरात आज करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पतीने काढलेला आयुर्विमा पत्नी व मुलांसाठी विश्वस्त निधी ठरतो. तो पतीच्या मर्जीने फिरत नाही आणि सावकारालाही त्यावर सहसा हात घालता येत नाही. दीडशे वर्षे हा कायदा पुस्तकात आहे. लग्नाच्या याद्या करताना मानपानावर तासन्‌तास घालविणाऱ्या किती घरांत त्याचे नाव निघाले?

विवाहोत्तर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे सुधारणा विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले होते. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. न्यायालयांनी आपल्या परीने काही केले आहे: नोव्हेंबर २०२० पासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र द्यावे लागते. बँक खाती, ठेवी, दागिने, कर्जे, विमा, प्रत्येकाचा रकाना त्यात आहे. अनेक स्त्रियांना पतीचे खरे उत्पन्न प्रथम समजते ते कुटुंब न्यायालयाच्या बाकावर, वकिलाने हाती दिलेल्या त्या कागदावरून, लग्नाच्या चोविसाव्या वर्षी.